फोनमधून ऐकलेला पंखा

मी डहाणूला असते आणि बाबा तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर. मध्ये चारोटीला गाडी बदलावी लागते, आणि जीप भरेपर्यंत हलत नाही, त्यामुळे मनात आलं आणि घरी गेले असं होत नाही. म्हणून मी फोन करते, दिवसातून तीन वेळा. जेवलास का विचारते, आत्या आली होती का विचारते. पण खरं तर त्याच्या उत्तराकडे माझं लक्ष नसतं. मी त्याच्या मागचा आवाज ऐकत असते. गोल करवतीचा आवाज चिरका असतो, लाकूड लागलं की आणखी वर चढतो. त्याच्या खाली एक जाड, एकसारखा घुमणारा आवाज असायला हवा. तो असला की मी फोन ठेवते. नसला की पुढचा तासभर मला कुठंच बसवत नाही.

तो खालचा आवाज भुसा आणि धूळ ओढून घेणाऱ्या मशीनचा. दुकानदार त्याला डस्ट कलेक्टर म्हणतात. बाबा म्हणतो पंखा.

बाबाला मी अरे-तुरे करते याचं कॉलेजात मैत्रिणींना फार नवल वाटायचं. आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत. केलं तर त्याला वाटेल पोरगी रुसलीय.

आमचं घर भात-नाचणीचं. बाबा तरुणपणी उंबरगावला एका गुजराती मिस्त्रीकडे गेला, तिथं सुतारकाम शिकला आणि परत येऊन रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. भुशाला तो अजून गुजरातीत 'व्हेर' म्हणतो. दारं, चौकटी, पलंग, देव्हारे, सगळं त्यानं त्या शेडमध्ये केलं आणि त्यावर मला शिकवलं. पाड्यावरून पदवी घेतलेली मी पहिली. बीएस्सी, केमिस्ट्री. हे मी कुणी न विचारताही सांगते. लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच. आता मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे आणि डहाणूजवळच सरावलीला खोली घेऊन राहते.

बाबाचा खोकला आधी आम्ही कुणी मोजलाच नाही. सुतार खोकतोच. पण एकदा सुट्टीत गेले तेव्हा शेडपासून घरापर्यंतच्या चढावर तो दोनदा थांबला. एकदा चपलेचा अंगठा बघायला आणि एकदा नुसताच. चपलेला काही झालं नव्हतं. मी त्याला तसाच डॉक्टरकडे नेला. डॉक्टरांनी छातीची प्लेट उजेडात धरली आणि सांगितलं, लाकडाची बारीक धूळ आहे, आत गेली ती गेली, आता आणखी जाऊ देऊ नका. ते जमत नसेल तर काम बंद करा.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाला, "काम बंद करून मी काय करू? तुझ्या लॅबमध्ये येऊन बाटल्या धुऊ?"

"धूळ जाऊ देऊ नका, असंही बोलले ते."

"धूळ काय मला विचारून जाते?"

त्याचं काम सुटलं तर तो वर्षभरात खचेल हे मला कळत होतं, आणि काम चालू राहिलं तर छाती जाईल हेही कळत होतं. मग मी मशीन शोधायला लागले. गुजरातच्या हद्दीकडं एक फर्निचरचा कारखाना बंद झाला होता, तिथलं वापरलेलं मशीन मिळालं आणि ते टेम्पोतून आणलं. मध्ये मोटर आणि आत पंखा, खाली भुसा साठायची पिशवी, वर हवा गाळून बाहेर सोडणारी कापडी पिशवी. त्याला हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाईप. त्याचे दोन फाटे केले, एक करवतीला, एक रंधा मशीनला. वायरिंगवाल्याकडून वेगळी लाईन घेतली, कारण करवत आणि पंखा एका बटनावर घेतले की शेडच काय, शेजारची पिठाची चक्कीसुद्धा बंद पडायची.

सोबत इंग्रजीतलं एक पुस्तक आलं. ते मी दोन दिवस वाचलं. मग प्लायवूडच्या एका तुकड्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून तो बोर्ड करवतीच्या वर ठोकला. आधी पंखा, मग करवत. करवत थांबल्यावर पंखा दोन मिनिटं चालू ठेवायचा, म्हणजे पाईपमध्ये राहिलेलंही ओढलं जातं. जो फाटा वापरात नाही त्याची झडप बंद. पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची, आणि ती मशीन बंद करून, तोंडाला मास्क लावून, शेडच्या बाहेर.

पहिल्याच आठवड्यात बाबाला पाईपचा शॉक बसला. साधा, चिमटा काढल्यासारखा. "तुझा पंखा चावतो," तो म्हणाला. कोरडा भुसा प्लास्टिकमधून जोरात पळाला की वीज साठते, हे मी त्याला केस आणि कंगव्यावरून समजावलं. मग पाईपच्या कडेनं तांब्याची तार नेऊन अर्थिंगला जोडली. त्यानंतर शॉक बसला नाही. गिऱ्हाईक आलं की बाबा ती तार दाखवायचा.

एवढं करून मी डहाणूला आले आणि फोन सुरू झाले. जवळजवळ दर वेळी मागून ती घरघर यायची. मी लॅबमधल्या बरण्यांना लेबलं लावताना गुणगुणायचे.

एक दिवस कॉलेजातली परीक्षा लवकर संपली आणि मी न कळवता घरी निघाले. जीपमधून उतरले तो शेडमधून करवतीचा आवाज येत होता. नुसता करवतीचा. खाली काहीच नाही. मी रस्त्यावरच थांबले आणि फोन लावला.

करवत थांबली. मग घूंऽऽ करून पंखा सुरू झाला. मग बाबाचा आवाज. "हां, बोल."

"काय करतोयस?"

"फळ्या चिरतोय. दुसरं काय."

"पंखा चालू आहे?"

"ऐकू नाय येत तुला?"

"येतोय," मी म्हटलं. "दोन्ही कानांनी येतोय."

तो फोन कानाला तसाच धरून दारात आला. भुवया, पापण्या, मिशा, सगळं पिठात बुडवल्यासारखं. मला बघून फोनमध्येच म्हणाला, "आत ये मग. उन्हात उभं राहून बापाची चोरी पकडतात काय."

मी आत गेले आणि भांडले. रागात माझं मराठी फार शुद्ध होतं. बाबानं ते सगळं ऐकून घेतलं. मग करवतीखालचा चिमूटभर भुसा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"चोळ," तो म्हणाला. "काय कळतं?"

"भुसा आहे."

"गोळा होतोय बघ. म्हंजे लाकूड आतून ओलं आहे. ह्याची चौकट केली तर मे महिन्यात फाटेल. आता हा दुसरा बघ. काळपट आहे, वास जळका. म्हंजे पात्याची धार गेली. मला हे कुणी सांगितलं? व्हेरनं. तुझा पंखा सगळं गिळून टाकतो. मी चिरतो, पण मला दिसत काय नाय. डोळे बांधून काम करायला लावलंस तू."

हे पुस्तकात नव्हतं. पण मला त्या दिवशी हरायचं नव्हतं.

"डोळे बांधलेले परवडले," मी म्हटलं. "श्वास कुठनं आणू? बाबा, बोर्डावरचं सगळं विसर. एकच लक्षात ठेव. जिथे धूळ, तिथे पाईप. मला शब्द दे."

आत्या तोवर येऊन बसली होती. ती बाबाची मोठी बहीण, पलीकडच्या आळीत राहते. शेडमधला भुसा वर्षानुवर्षं तिच्या शेगडीला जातो. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली हळूच उपसून घ्यायची. मग खालून पेटवलं की भात, डाळ, अंघोळीचं पाणी, सगळं होतं. पंखा आल्यापासून तिचं वेगळंच गाऱ्हाणं होतं.

"शब्द देऊन टाक भाऊ," ती म्हणाली. "पोरगी शिकलेली आहे. तिच्या पंख्यानं मला व्हेर दळून दिलाय. पिठासारखा. शेगडीत नुसता धुमसतो नि विझतो. आता भाकऱ्याच थापते त्याच्या."

बाबा हसला आणि हसताना खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "दिला शब्द. जिथे धूळ, तिथे पाईप."

बाबाचा शब्द म्हणजे खिळा. ठोकला की निघत नाही. त्यानंतर खरंच दर फोनला पंखा ऐकू यायचा. आता तो करवत थांबवत नव्हता, दोन्ही आवाज एकत्र यायचे. तरी मला चैन नव्हती. त्यानं काही नवीन युक्ती काढली असेल म्हणून मी कधी अकराला, कधी चारला, कधी लागोपाठ दोनदा फोन करायचे. तो वैतागून म्हणायचा, "मी काय शाळेत आहे? हजेरी घेतेस?"

मग तो शनिवार. सकाळी फोन केला तेव्हा करवत नव्हती, एक कर्कश खर्रर्र आवाज येत होता. तो मला ओळखीचा. बाबा ग्राइंडरवर पटाशीच्या पोलादी पात्याला धार लावत होता. आणि त्याच्या खाली, स्वच्छ, पंख्याची घरघर. मला वाटलं, बघा, धार लावतानासुद्धा हा माणूस पंखा चालू ठेवतोय. मी फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी बसून चहा प्यायले. गरम असतानाच प्यायले. मग दुपारची जीप पकडून घरी निघाले.

पोचले तेव्हा बाबा पंख्याखालची पिशवी आत्याच्या गोणीत रिकामी करून सुतळी बांधत होता. मास्क लावलेला, शेडच्या बाहेर, सगळं बोर्डावरच्यासारखं. आत्या बाकावर बसली होती, डोक्यावर घ्यायची चुंबळ हातात.

गोणी तिच्याकडे ढकलता ढकलता बाबा थांबला. सुतळी परत सोडली आणि कोपरापर्यंत हात गोणीत घातला. ही त्याची जुनी सवय. जुनं लाकूड चिरलं की कधी कधी भुशात खिळा सापडतो, आणि एकदा आत्याच्या बोटात तसा खिळा गेला होता. तेव्हापासून हात घातल्याशिवाय तो गोणी देत नाही. धूळ उडते म्हणून मी त्याला यावरून बोललेही होते.

हात आतच ठेवून तो म्हणाला, "गरम आहे."

"मोटर तापते ना," मी म्हटलं. "त्यातून येणारी हवा गरम असते. शिवाय दुपारभर पत्र्याखाली होती पिशवी."

"मोटरची गरमी सगळीकडून असती. ही एकाच जागी आहे. खालून."

"बाबा, भुसा उष्णता धरून ठेवतो. त्याला..."

"हात घाल," तो म्हणाला.

मी हात घातला. वर कोमट होता. खाली गेले तसा एका बाजूनं तव्याजवळ हात नेल्यासारखा चटका आला. आणि वास. लॅबमध्ये कापूस करपला की येतो तसा.

बाबा गोणी उलटी करायला वाकला. "उलटू नको," मी ओरडले. पुस्तकातलं तेवढं मात्र मला आठवलं. बारीक कोरडा भुसा हवेत उधळला आणि आत निखारा असला, तर तो भुसा एकदम भडकतो. आम्ही दोघांनी गोणीचे कोपरे धरून ती अंगणाच्या मध्यापर्यंत ओढत नेली. आत्यानं हंडा आणला. पाणी एकदम ओतायचं नाही, शिंपडत जायचं, हे मी सांगत होते आणि माझ्याच हातानं सांडत होते. थोडा भुसा भिजवायचा, फावड्यानं बाजूला करायचा, परत भिजवायचा. शेवटी तो सापडला. मुठीएवढा काळा गोळा. फावड्यानं फुटला आणि हवा लागली तसा आतून लाल झाला. मग धूर आला, पिवळट, जड.

दुसरा हंडा सांगायला बाबानं मास्क खाली ओढला आणि तो धूर त्याच्या तोंडात गेला. तो अंगणातल्या दगडावर बसला तो पंधरा मिनिटं उठला नाही. खोकताना त्याच्या मानेच्या शिरा सुतळीसारख्या दिसत होत्या. मी एका हातानं पाणी शिंपडत होते आणि त्याच्याकडे बघत होते. दोन्ही धड होत नव्हतं.

आत्या हळूच म्हणाली, "मी हे शेगडीजवळ ठेवणार होते. कुडाला टेकवून."

तिच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या आहेत, शेणानं सारवलेल्या.

बाबाला बोलता यायला लागलं तेव्हा त्यानंच सांगितलं. सकाळी धार लावताना त्यानं करवतीचा फाटा काढून ग्राइंडरच्या तोंडाशी बांधला होता. "ठिणग्या कशा सरळ आत जात होत्या बघून बरं वाटलं," तो म्हणाला. "डोळ्यात एक उडाली नाय. धार लावताना पण धूळ उडते. तू बोललीस ना, जिथे धूळ तिथे पाईप."

बोलले होते. आणि फोनवर ऐकलंही होतं. ग्राइंडर आणि त्याच्या खाली पंखा, दोन्ही आवाज एकत्र, आणि मी चहा प्यायले होते.

मी आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून ते पुस्तक काढलं. पान मला माहीत होतं. चाकातून उडणाऱ्या ठिणग्यांचं चित्र, त्यावर फुली. खाली लिहिलेलं, की हे मशीन लाकडासाठी आहे, धातू घासताना याचा पाईप लावू नये. मी ते वाचलं होतं. बोर्डावर लिहिलं नव्हतं, कारण मला वाटलं आपण सुतार, आपला धातूशी काय संबंध. पटाशीला धार कोण लावतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर तो खर्रर्र आवाज ऐकत मी त्याच शेडमध्ये अभ्यास केला होता.

ते पान घेऊन मी बाहेर आले. बाबाला इंग्रजी येत नाही, मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"हे पुस्तकात होतं," मी म्हटलं.

त्यानं चित्र बघितलं. "मग बोर्डावर का नाय?"

"मला वाटलं आपल्याला लागणार नाही."

त्यानं चित्रातल्या फुलीवर बोट ठेवलं. मला वाटलं आता ऐकवेल. मीही त्याला कमी ऐकवलं नव्हतं. तो म्हणाला, "मला पण तसंच वाटायचं. एवढीशी धूळ मला काय करणार."

मी त्याच्या शेजारी बसले. "बाबा, बंद करू या हे सगळं," मी म्हटलं. "मला तिकडं बसवत नाही. पंखा नसला तरी भीती, असला तरी भीती. मी कमावते की आता."

"तू कमावतेस, मग मी काय करू? तुझी वाट बघू?" त्यानं ओल्या भुशाचा चिमटा घेतला, चोळला, टाकला. "आज हात घातला म्हणून कळलं. घातला नसता तर?"

"तेच म्हणते मी."

"मी पण तेच बोलतोय. हात घालणारा लागतो इथं."

आत्या म्हणाली, "दोघं भांडा, पण आधी मला रात्रीच्या भाताला व्हेर द्या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही ग्राइंडर शेडमधून काढून मागच्या पडवीत नेला, पाईप कितीही ताणला तरी पोचणार नाही इतका लांब, आणि खाली पत्रा घातला. पिशवीतला भुसा आता झाकणाच्या लोखंडी पिंपात, अंगणात, एक रात्र राहतो. शेगडीसाठी आत्या हातरंध्याचा जाड छिलका नेते आणि तरीही नावं ठेवते. बाबाची अट एकच होती. पिशवी रिकामी करताना व्हेर तो हातात घेणार, चोळणार, वास घेणार. मी म्हटलं, मशीन बंद करून, मास्क लावून, अंगणात. तो म्हणाला, मास्क लावून वास कसा घेऊ. यावर आमचं दुपारपर्यंत चाललं. शेवटी वास सुटला, चोळणं राहिलं. बोर्डावर मी दोन ओळी वाढवल्या. ठिणगीला पाईप नाही. गोणी बांधण्याआधी हात घालून बघणे. दुसरी ओळ कुठल्याच पुस्तकात नाही, ती बाबानं सांगितली तशी लिहिली.

मागच्या महिन्यात छातीची प्लेट पुन्हा काढली. डॉक्टर जुनी आणि नवी शेजारी शेजारी धरून बघत राहिले आणि म्हणाले, तसंच आहे. बरं झालेलं नाही, पण वाढलेलंही नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाला, "बघ, पास." चढावर तो अजून थांबतो. चपलेचं नाव मात्र आता घेत नाही.

फोन मी अजून तीन वेळाच करते, कधी चार. पंखा ऐकू आला की पूर्वीसारखी फोन ठेवत नाही, त्या आवाजावर माझा भरवसा उरला नाही. आता विचारावं लागतं.

"आज काय चिरलंस?"

"ऐनाच्या फळ्या."

"व्हेर कसा होता?"

"कोरडा."

मी थांबते. त्याला माहीत असतं मी कशासाठी थांबलेय.

"आणि थंड," तो म्हणतो.

मागं करवत थांबलेली असते आणि पंखा तसाच चालू असतो, बोर्डावर लिहिलेली दोन मिनिटं. आम्ही दोघं तो ऐकतो. मग तोही थांबतो, आणि शेडमध्ये नुसता बाबाचा श्वास ऐकू यायला लागतो. मी तो मोजायला लागते. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला त्याला ते कळतं.

"ठेव आता," तो म्हणतो. "तिकडं लॅबमध्ये तुझी पोरं बाटल्या फोडतील."